तालुक्याच्या बातमीदाराचा पगार

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे स्थानकावर उभे होते आणि आमच्या गल्लीतील बायका मला एवढेच विचारत होत्या, की आपल्याकडे टँकर कधी येणार. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी ही बातमी देशभर गेली. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढावा लागलेल्या शहरात टँकर कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत येणार, ही माहिती मात्र कुठल्याच पेपरात नव्हती. मी त्या वेळी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. रात्री पाने छपाईला सोडून झाली की टँकर भरतात तिथे जायचो, चालकांना विचारून गल्ल्यांची नावे वहीत उतरवायचो आणि सकाळी फेसबुकवरच्या एका पानावर ती यादी टाकायचो. आज ज्याला लोक आमची कंपनी म्हणतात, तिची सुरुवात त्या यादीपासून झाली.

पाऊस पडला, रेल्वे बंद झाली, पण लोकांना यादीची सवय लागली होती. नळाला पाणी कधी, लाइट कोणत्या फीडरची जाणार, आडत बाजारात सोयाबीन काय भावाने निघाले, असे प्रश्न येत राहिले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि जो मजूर आठवड्याला दहा रुपयांचा रिचार्ज जपून वापरत होता, त्याच्या हातात दिवसभर चालणारे नेट आले. आमची वाढ आमच्या हुशारीने झाली, असे मी कधी म्हणत नाही. आधी दुष्काळ आणि मग स्वस्त डेटा, या दोन गोष्टी आमच्या दाराशी चालत आल्या.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये तेव्हा २५६ माणसे मावत. एक भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा, असे ग्रुप काढत गेलो. ‘औसा ४’, ‘निलंगा २’ अशी त्यांची नावे असत आणि माझा जुना फोन सकाळी सहा वाजताच मान टाकत असे. बातमीच्या खाली शुभ सकाळ, गुलाबाची फुले आणि भावपूर्ण श्रद्धांजली यांचा इतका ढीग पडायचा, की बातमी शोधावी लागे. २०१८ मध्ये फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सोय आली, तेव्हा मी अक्षरशः पेढे आणले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ज्या समाजमाध्यमावर आमचे पान होते, तिथे ओळखीच्या माणसांच्या मजकुराला अग्रक्रम मिळू लागला आणि आमच्या बातम्या लोकांना दिसेनाशा झाल्या. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला की असे होते, हे तेव्हा कळले आणि स्वतःची वेबसाइट काढायचे ठरले.

वेबसाइटच्या तांत्रिक बाजूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एका मित्राने ती बांधली आणि तोच आजही ती सांभाळतो. प्रेस नोटांनी मात्र दोन वर्षे रडवले. सगळी कार्यालये, संस्था आणि पक्ष जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मजकूर पाठवत, आणि तो वेबसाइटला लागणाऱ्या युनिकोडमध्ये फिरवला की रफार उडायचे, जोडाक्षरे फुटायची, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. एका मंत्र्यांच्या दौऱ्याची सबंध नोट मी एका रात्री पुन्हा टाइप केली आणि सकाळी दौराच रद्द झाला.

२०१९ मध्ये आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. त्याच वर्षी केंद्र सरकारने डिजिटल वृत्तमाध्यमांत परकीय भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा आम्ही बरेच हसलो होतो. आमच्याकडचे परकीय भांडवल म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मेव्हण्याचे दीड लाख रुपये होते.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत आणि शहरात बसून जिल्ह्याची बातमी होत नाही. तालुक्याला माणूस हवा आणि तालुक्याचा माणूस म्हटले, की मराठी वृत्तपत्रांची एक जुनी रीत आडवी येते. ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. बहुतेक ठिकाणी नाममात्र मानधन असते, पुष्कळदा तेही नसते; असते ते ओळखपत्र आणि जाहिरातीवरचे कमिशन. वर्धापन दिन, दिवाळी, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आणि नेत्यांचे वाढदिवस या निमित्तांनी पुरवण्या निघतात आणि प्रत्येक वार्ताहराला जाहिरातीचे टार्गेट मिळते. ते पुरे करायला तो कोणाकडे जाणार? सरपंच, सोसायटीचे चेअरमन, रस्त्याचे ठेकेदार, शाळेचे संस्थाचालक, कृषी सेवा केंद्राचे मालक यांच्याकडेच. वर्षाचे उरलेले दिवस बातमीही याच लोकांची असते. रस्ता सहा महिन्यांत उखडला, खताची गोणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकली, शाळेत शिक्षक कागदावरच आहेत, हे सगळे त्या वार्ताहराला ठाऊक असते, पण ते लिहिले तर दिवाळीला त्याच्या घरात अंधार. मी बारा वर्षे त्याच पद्धतीत काम केले आणि जिल्हा कार्यालयात बसून फोनवर टार्गेटची विचारणाही केली, तेव्हा इथे मी कोणाकडे बोट दाखवत नाही.

आमच्या भागात वार्ताहरकीचा वारसा वेगळा आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले आणि निजाम सरकारने बंदी घातली की नाव बदलून अंक काढण्याचा मार्ग पत्करला. पुढे अनंत भालेराव त्याच पत्राचे संपादक झाले. त्या काळात बातमी पाठवणे हे निजामाविरुद्धच्या चळवळीचेच काम होते आणि त्याचे पैसे कोणी मागत नव्हते. चळवळ संपली, विनामोबदला राबवून घेण्याची सवय मात्र मागे राहिली.

आम्ही ठरवले, की तालुक्याच्या बातमीदाराला दरमहा ठरलेला पगार आणि पेट्रोलचे पैसे द्यायचे, आणि जाहिरातीच्या पैशाला त्याने हात लावायचा नाही. हे ठरवणे सोपे होते, कारण त्या वेळी तालुक्यात आमचा एकही माणूस नव्हता. पहिला बातमीदार उदगीरचा नेमला. दोन महिन्यांनी तो एका कार्यकर्त्याने दिलेले पाकीट घेऊन कार्यालयात आला आणि म्हणाला, “सर, हे वाढदिवसाचं आहे, पावती कोणाच्या नावानं फाडायची?” त्याला पाकीट परत करायला पाठवले तर तो खरोखर कोड्यात पडला. त्याच्या दृष्टीने तो कंपनीचा फायदा करत होता. परत आल्यावर त्याने सांगितले, की पाकीट घेताना तो कार्यकर्ता रागावला नाही, घाबरला. त्याला वाटले, आपल्याविरुद्ध काहीतरी मोठे छापून येणार आहे.

पगार द्यायचा तर पैसा लागतो, आणि तो कुठून येतो हे जो तो विचारतो. आडत्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी आम्ही रोज दुपारी बाजारभाव, आवक आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रांची स्थिती देणारी एक सेवा चालवतो. तिला वर्षाची वर्गणी आहे आणि कंपनीचा तो सर्वांत खात्रीचा पैसा आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. केंद्रावर नोंदणी कधी, बारदाना आला की नाही, ओलावा किती टक्के धरला जातो, हे ज्याला वेळेवर कळते त्याचे क्विंटलमागे चार पैसे वाचतात, आणि चार पैसे वाचले की माणूस वर्गणी खळखळ न करता देतो. राजकारणाच्या बातमीसाठी वर्गणी द्यायला अजून कोणी तयार झालेला मला भेटलेला नाही.

दुसरा पैसा स्थानिक जाहिरातींचा. लातुरात जाहिरात म्हणजे कोचिंग क्लास. ‘लातूर पॅटर्न’च्या या शहरात नीटचा निकाल लागला की जाहिरातींचा पूर येतो आणि क्लासच्या फीबद्दल किंवा वसतिगृहांच्या अवस्थेबद्दल लिहिताना हात अडखळतो. माझा स्वतःचा अडखळलेला आहे. त्यानंतर आम्ही एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाहून अधिक घ्यायचे नाही, असा नियम केला. तो पाळताना दोन वर्षे तोटा झाला. कापड दुकानदारांचे वेगळेच दुखणे. छापील वृत्तपत्रातील जाहिरातीच्या जागेवर जीएसटी पाच टक्के आणि डिजिटल जाहिरातीवर अठरा. “पेपरला पाच अन् तुम्हाला अठरा, तुम्ही काय सोनं छापता का?” असे एका दुकानदाराने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

सरकारी जाहिरातींचे दार आमच्या मापाचे नाही. केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणात वेबसाइटला दरमहा किमान अडीच लाख स्वतंत्र वाचक असावे लागतात. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती, म्हणजे तान्ह्या मुलांसह दोन तृतीयांश शहराने आम्हाला वाचले पाहिजे. ही अट पुरी करण्याचा एक मार्ग आहे आणि तो अनेकांनी धरला आहे: मुंबईच्या नट्या, राशिभविष्य, ‘हे पाहून तुम्हीही थक्क व्हाल’. आम्हीही सहा महिने तो धरला होता. आकडा वाढला, पण पुण्या-नाशिकचे वाचक आले आणि औशाचे निघून गेले, कारण पाण्याची यादी राशिभविष्याच्या खाली गेली होती. गूगलच्या जाहिरातींतून शंभर डॉलर जमले की पैसे खात्यात येतात. त्या सहा महिन्यांत ते पटापट आले आणि बाजारभावाचे वर्गणीदार तेवढ्याच वेगाने गळाले. शेवटी तो सगळा मजकूर काढून टाकला.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. कोणत्याही कार्यालयात गेलो की पहिला प्रश्न असतो, “आरएनआय नंबर आहे का?” तो, म्हणजे वृत्तपत्र निबंधकांकडचा नोंदणी क्रमांक, आमच्याकडे नाही, कारण ती नोंदणी छापील नियतकालिकांची. १८६७ चा वृत्तपत्र नोंदणीचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला, तोही छापील नियतकालिकांचाच. आम्हाला २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार आम्ही तक्रार निवारण अधिकारी नेमला, म्हणजे माझ्या पत्नीला. ती वकील आहे आणि आलेली प्रत्येक तक्रार पंधरा दिवसांच्या आत निकालात काढते, त्यांतल्या निम्म्याहून अधिक माझ्या विरोधात.

तिने निकालात काढलेल्या सर्वांत मोठ्या तक्रारीची हकिगत इथे टाळता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा आणि तेरणा दोन्ही नद्या पात्र सोडून वाहत होत्या. रात्री साडेअकराला एका गावाचा पाझर तलाव फुटल्याचा व्हिडिओ आला. त्या तालुक्यात आमचा माणूस नव्हता. सरपंचांचा फोन लागला नाही आणि मी बातमी सोडली. दीड तासाने कळले, की व्हिडिओ जुना होता, दुसऱ्याच राज्यातला. तोवर ओढ्याकाठच्या वस्तीतील लोक भर पावसात शेळ्या आणि पोरे घेऊन मारुतीच्या देवळात येऊन बसले होते आणि पळताना घसरून एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला होता. आम्ही दुरुस्ती दिली, दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो, पारावर सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्या बाईच्या दवाखान्याचा खर्च कंपनीने केला. लोक चिडलेले होते, पण कोणी अंगावर आले नाही. एका म्हाताऱ्याने फक्त विचारले, “तुमचं माणूस कोण हाय इथं?” मी म्हटले, कोणी नाही. “मग बातमी दिली कशी?”

त्या महिन्यापासून जिथे आमचा पगारी माणूस नाही तिथली बातमी, कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन आल्याखेरीज आम्ही देत नाही. त्यामुळे अनेक बातम्यांत आम्ही मागे पडतो आणि गावोगावचे यूट्यूबवाले आमची थट्टा करतात. सात तालुक्यांत आता बातमीदार आहेत. शिरूर अनंतपाळ, जळकोट आणि देवणी राहिले आहेत. देवणीसाठी मागच्या आठवड्यात एक मुलगा भेटायला आला होता. बी.ए. झालेला, लिहिणे स्वच्छ, आणि तालुक्यातली प्रत्येक वाडी त्याला ठाऊक. सगळे बोलणे झाल्यावर त्याने विचारले, “दिवाळी पुरवणीचं टार्गेट किती राहील?” टार्गेट नाही, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ज्या कंपनीला पुरवणी नाही, ती पगार किती दिवस देणार, असा हिशेब त्याने मनात केला असावा. घरी विचारून कळवतो, असे सांगून तो गेला. त्याचा फोन अजून आलेला नाही. तोपर्यंत देवणीची बातमी उदगीरचा बातमीदारच मोटारसायकलवर जाऊन आणतो आणि त्याचे पेट्रोलचे बिल या महिन्यात दुप्पट आले आहे.