यूएसबीला दोन वायरी लावून एलईडी चालवता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यूएसबीच्या पोर्टाला दोन वायरी लावून एखादा एलईडी नाहीतर छोटी मोटर प्रोग्रॅममधून चालू-बंद करता येईल का, हा प्रश्न शब्द बदलून बदलून मला येतच असतो. येईल, पण मधे एक चिप लागते.

साध्या यूएसबी केबलमधे चार वायरी. त्यातल्या दोन पॉवरच्या, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. तिथे एलईडी लावलात तर लागेल (करंट आवरणारा रेझिस्टर घालून लावा हो), पण लागलेलाच राहणार, कारण ते ५ व्होल्ट बहुतेक कॉम्प्युटरवर आपल्या प्रोग्रॅमच्या हातात नसतात. उरलेल्या दोन डेटाच्या, तिथे नुसती सवाल-जवाबाची बारी चालते, काहीही लावलं की कॉम्प्युटर आधी विचारणार तू कोण, कुठल्या प्रकारातला, करंट किती खाणार, आता एलईडी बिचारा काय उत्तर देणार.

जुन्या प्रिंटर पोर्टाला ही भानगड नव्हती. २५ पिनांचा तो पोर्ट, त्यात २ ते ९ या आठ पिना डेटाच्या, १८ ते २५ ग्राउंड. बहुतेक मशीनवर प्रोग्रॅममधून ३७८ हेक्स या पत्त्यावर (म्हणजे त्या पोर्टाचा कॉम्प्युटरमधला नंबर) ५, बायनरीत १०१, लिहिलं की पिन २ आणि ४ वर व्होल्टेज, २५५ लिहिलं की आठही चालू. बायनरी डोळ्यांनी दिसायची! पण म्हणून आता यूएसबी-टू-पॅरलल केबल घ्यायला जाऊ नका, तिला फक्त प्रिंटरशी बोलता येतं, ३७८ वगैरे तिच्या गावीही नसतं.

आज माझं उत्तर म्हणजे यूएसबी-टू-सिरियल मॉड्यूल (यूएसबीतून सिरियल पोर्ट काढून देणारा छोटा बोर्ड), सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपवालं. कॉम्प्युटरच्या सगळ्या चौकशीला उत्तरं ती चिप देते. यात एक गंमत आहे जी फार कमी लोक वापरतात. आरटीएस किंवा डीटीआर (सिरियल पोर्टाच्या इशाऱ्याच्या पिना, प्रोग्रॅममधून चालू-बंद होणाऱ्या) यातली पिन बाहेर काढलेलं मॉड्यूल घ्या, ५ व्होल्टवरून ३३० ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी, आणि एलईडीचा आखूड पाय आरटीएसवर. पायथनमधे पायसिरियल या लायब्ररीने पोर्ट उघडा आणि आरटीएस ट्रू करा, एलईडी लागतो. फॉल्स, विझतो. मायक्रोकंट्रोलर नाही, काही नाही. उलटं वाटेल, पण या चिपांवर ट्रू म्हणजे पिन खाली, शून्य व्होल्टला जाते, म्हणून एलईडी ५ व्होल्टकडून लावायचा. आणि पायसिरियल पोर्ट उघडताना आरटीएस आपणहून ट्रू करतं, तेव्हा पोर्ट उघडल्या उघडल्या दिवा लागला तर घाबरू नका.

जुना ९ पिनांचा सिरियल पोर्ट असेल तर मात्र जरा जपून, तिथे सिग्नल ३ ते १५ व्होल्ट आणि तेही प्लस-मायनस दोन्हीकडे जातात, ५ व्होल्टच्या सर्किटला थेट जोडलंत तर सर्किट उडू शकतं, मधे व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स२३२ चिप हवीच.

मोटर आणि रिलेचं (कॉइलने चालणाऱ्या स्विचचं) म्हणाल तर पोर्टाकडून सिग्नल घ्यायचा, ताकद नाही. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइलच ७० मिलिअँपच्या आसपास घेते, पिनला ते झेपत नाही. जास्त करंट पेलणारी यूएलएन२००३ चिप लावा, सात चॅनल मिळतात आणि रिले बंद होताना कॉइल जो उलटा झटका मारते त्यासाठीचे डायोड आतच असतात. कॉइलला पॉवर वेगळ्या सप्लायमधून द्या, ग्राउंड मात्र कॉमन ठेवा. घरातल्या लाइनचा बल्ब पहिल्याच प्रोजेक्टला नको, माझं ऐका.

जोडून काहीच हलत नसेल तर आधी मॉड्यूलवरची बाकी सगळी जोडणी काढा, त्याच्या टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) पिना एकमेकींना जोडा, टर्मिनल प्रोग्रॅममधे लोकल एको (टाइप केलेलं त्याने स्वतःच दाखवणं) बंद करून काहीतरी टाइप करा. अक्षरं परत आली तर चिप, केबल, ड्रायव्हर ठीक आहेत, मग गडबड तुमच्या ब्रेडबोर्डवर (जोडणीच्या पाटीवर) शोधायची.