अठरा शतांश सेकंद

जुलैतल्या एका रविवारी एका मुलासाठी वाजवताना मी एक मात्रा लांबवली. किती, ते नंतर घरी लॅपटॉपवर मोजलं. ०.१८ सेकंद. या गोष्टीला पाच महिने होऊन गेले, तरी ती मात्रा डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी मुंबईत बॅलेच्या क्लासला पियानो वाजवते. लोकांना वाटतं, समोर पुस्तक असेल आणि ही बाई त्यातलं वाजवत असेल. पुस्तक नसतं. टीचर हातांनीच, अर्ध्या मिनिटात, पुटपुटत व्यायाम दाखवतात. तेवढ्यात मला ताल, गती आणि वजन ठरवून चार मात्रांची सुरुवात द्यावी लागते. त्या चार मात्रांत पुढचं सगळं सांगून झालेलं असतं. मग आठ-आठच्या चार ओळी, बत्तीस मात्रा, आणि लगेच डाव्या बाजूने तेच पुन्हा. कितीही सुंदर चीज असली तरी तिची एखादी ओळ नऊ मात्रांची असेल तर इथे तिचा उपयोग नाही.

माझा पियानो कोपऱ्यात तिरपा ठेवलेला असतो. मला चेहरे दिसले नाहीत तरी चालतात, पाय दिसलेच पाहिजेत. प्लिए म्हणजे गुडघे सावकाश वाकवणं. त्याला तळाशी जराही न अडकणारं, तेलाच्या धारेसारखं संगीत लागतं. तांदूमध्ये पाऊल जमिनीवरून सरकत टोकदार होतं, त्याला नेमकेपणा हवा. फ्रापेमध्ये पाऊल झटक्याने बाहेर फेकलं जातं, त्याला चटका हवा. पाय जमिनीवर गोल फिरवायचे असतात तेव्हा मी पुष्कळदा वडिलांच्या दादऱ्यातलं काहीतरी वाजवते. सहा मात्रांचा दादरा वॉल्ट्झच्या अंगाने सहज जातो आणि मुलांना ते पद नाट्यसंगीतातलं आहे याचा पत्ताही लागत नाही. वडील गिरगावात पेटीवर साथ करायचे. 'गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, पण लय त्याच्या हातात द्यायची नाही,' हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. त्या रविवारी मी त्यातला पहिला भाग पाळला.

उडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाचणारा उडी मारतो ती 'वन'च्या आधी, 'अँड'वर. 'वन'ला पाय जमिनीवर येतात. आपल्या भाषेत, सम म्हणजे पाय टेकण्याची जागा; झेप तिच्या आधीच घेतलेली असते. आणि हवेत किती वेळ राहायचं हे संगीत ठरवत नाही. ५० सेंटिमीटर उडी घेणारा माणूस साधारण ०.६४ सेकंद हवेत असतो, ४० सेंटिमीटरवाला ०.५७. उडीची उंची झेपेआधी गुडघे किती खोल आणि किती पुरते वाकले त्यावर असते, आणि ते वाकणं मात्र वाजवणाऱ्याच्या हातात असतं. मी घाई केली तर ते अर्धवट राहतं. म्हणून मोठ्या उड्यांना, विशेषतः मुलग्यांच्या, चांगला वाजवणारा गती थोडी खाली घेतो. स्पीकरला हे कळत नाही. शहरातले बहुतेक क्लास आज स्पीकरवर चालतात. पियानिस्टचे पैसे वाचतात हे मला मान्य आहे, पण त्या मुलांना संगीत म्हणजे मागे लागलेली गाडी वाटतं. कित्येक ठिकाणी तर सिमेंटवर चिकटवलेल्या फरशीवर उड्या मारून घेतात आणि नडगी दुखली की मुलालाच कमजोर ठरवतात. आमच्या टीचरनी स्वतःचे पैसे घालून खाली दाब घेणारी लाकडी जमीन केली. त्यांच्यावर माझे बाकी कितीही राग असोत, याबद्दल मी त्यांना मानते.

तो मुलगा भांडुपचा. वडील छापखान्यात, आई पोळी-भाजीचं केंद्र चालवते. तो तेराव्या वर्षी आला. बॅलेच्या हिशेबाने हे उशिरा. रशियातल्या व्हागानोव्हा अकादमीत मुलं दहाच्या सुमारास दाखल होतात. पण आपल्याकडची मुलं उशिराच येतात आणि तरी पोचतात. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत गेला. त्याच्याच बरोबर येहुदा माओर या बॅलेशिक्षकांच्या हाताखाली तयार झालेला मनीष चौहान अमेरिकेत गेला. दिल्लीच्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये निवडला गेला. आमच्या क्लासमधल्या प्रत्येक मुलाला ही तीन नावं पाठ आहेत.

हा मुलगा माझ्या लक्षात आला तो पायांमुळे नव्हे. तेव्हा तो चौदाचा असेल. मी एका तांदूच्या मध्यात, कंटाळा आला म्हणून, सूर बदलला. बारला, म्हणजे व्यायाम करताना धरायच्या दांडीला, अकरा मुलं होती, त्यातल्या याची एकट्याची मान किंचित वळली. तेव्हापासून मी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे. दर वर्षअखेरीला 'येत्या वर्षात यांच्याकडे लक्ष ठेवा' अशा याद्या निघतात. अमेरिकेतल्या डान्स मॅगझिनची '२५ टु वॉच' ही यादी तर जगभर वाचली जाते. आमच्या क्लासचे पालकही आपापसात अशा याद्या करतात आणि त्यांत कानापर्यंत पाय नेणाऱ्या मुली सगळ्यात वर असतात, कारण फोनवर ते छान दिसतं. माझी यादी वेगळी असते. सुरुवातीच्या चार मात्रा वाजताना मूल काय करतं तेवढंच मी बघते. बहुतेक मुलं त्या वेळात केस नीट करतात. हा श्वास घेतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही सगळ्यांनी मिळून प्री द लोझानची अंतिम फेरी ऑनलाइन पाहिली. १५ ते १८ वर्षांच्या मुलांची ही स्वित्झर्लंडमधली स्पर्धा १९७३ पासून चालू आहे. कार्लोस आकोस्टा, डार्सी बसेल यांच्यासारखे नामवंत नर्तक तिथूनच पुढे आले. त्या वर्षी कोरियाचा सोळा वर्षांचा पार्क यून-जे पहिला आला. त्याच्या देशातल्या मुलग्याने ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आमचा मुलगा टाळ्या वाजवत नव्हता. मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होता.

त्यानंतर टीचरनी ठरवलं, याचा व्हिडिओ युरोपातल्या एका शाळेला पाठवायचा. बारचे व्यायाम, मध्यावरचे व्यायाम आणि एक सोलो, मध्ये कुठेही न कापता. सोलो निवडला 'जिझेल'मधल्या शेतकरी जोडीच्या नृत्यातला. 'जिझेल' १८४१ चं, संगीत आदांचं, पण या तुकड्याचं संगीत बर्गम्युलरचं आहे. पियानो शिकलेल्या प्रत्येकाने लहानपणी बर्गम्युलरचे धडे गिरवलेले असतात. मीही नऊ वर्षांची असताना गिरवलेत. त्यामुळे हा सोलो मला फार जवळचा. बाजारातल्या रेकॉर्डिंगची गती त्याला जमत नव्हती, म्हणून टीचर म्हणाल्या, 'तुम्हीच वाजवा.' मिनिटाला १०८ मात्रा असं आम्ही ठरवलं.

त्या रविवारी पाऊस थांबतच नव्हता. अशा हवेत पियानोतली लोकर फुगते आणि पट्ट्या दाबल्या की वर यायला कुरकुरतात. त्यासाठी पियानोच्या पोटात आम्ही पावसाळाभर २५ वॅटचा बल्ब पेटता ठेवतो. शनिवारी रात्री कोणीतरी मेन स्विच बंद करून गेलं होतं. सकाळी मधल्या सप्तकातला 'जी' हा सूर दाबला की खालीच राहायचा. मी पुढची फळी काढून ती पट्टी हाताने सैल केली, केसांच्या ड्रायरने अर्धा तास वाळवलं आणि डाव्या हाताची मांडणी अशी बदलली, की तो 'जी' कमीत कमी लागावा.

बारचे व्यायाम एका दमात झाले. मग सोलो. टीचरनी बसवला होता त्यात शेवटी डबल टूर होती. सरळ वर उडायचं, हवेत दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि उतरताना पाय फिफ्थ पोझिशनमध्ये बंद. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडलेली. पहिल्या वेळी दुसरी गिरकी आठव्या हिश्श्याने कमी पडली. दुसऱ्या वेळी पूर्ण झाली पण पाय उघडे पडले. तिसऱ्यात तो आधीच दमला होता. चौथ्यात उतरताना एक पाऊल मागे गेलं. 'परत,' टीचर म्हणाल्या. त्यांना वाटतं थकवा म्हणजे निश्चय कमी पडणं. माझं तसं मत नाही, पण त्या दिवशी मी बोलले नाही.

दाराशी त्याची आई बसली होती, चपला बाहेर काढून, मांडीवर स्टीलचा डबा धरून. प्रत्येक वेळी संपलं की ती माझ्याकडे बघायची आणि नुसते ओठ हलवून विचारायची, 'झालं?'

पाचव्या वेळी शेवटच्या ओळीला आम्ही पोचलो. त्याचे गुडघे वाकायला लागले. मला दिसत होतं की अजून खाली जायला हवंय. उजवी टाच जमिनीला घट्ट होती, डावीवर वजन नीट बसलं नव्हतं. मात्रा आली होती. माझी बोटं पट्ट्यांवर होती आणि मी ती दाबली नाहीत. टाच बसली. मी वाजवलं. तो वर गेला, दोन्ही गिरक्या पूर्ण झाल्या, पाय बंद, आणि पुढच्या सुरावर तो पुतळ्यासारखा उभा. पावसाचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. मग टीचर रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

व्हिडिओ गेला. रात्री मी त्यातला आवाज लॅपटॉपवर उघडला आणि लाटांमधली अंतरं मोजली. सगळ्या मात्रा ०.५६ च्या आसपास. ती एक ०.७४. तीन वेळा मोजलं.

यात गैर काय, असं मी स्वतःला विचारलं. तमाशातला ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे बघूनच वाजवतो. ऑर्केस्ट्रासमोरचा कंडक्टरसुद्धा नर्तकासाठी थांबतो. साथ म्हणजे हेच. पण तिथे समोर बसलेल्याला दोघं मिळून काहीतरी करताहेत हे माहीत असतं. हा व्हिडिओ बघणाऱ्याला फक्त मुलगा दिसतो. त्याला वाटणार, १०८ च्या गतीत हा मुलगा डबल टूर करतो. तो १०८ मध्ये करत नाही. आधीच्या चार वेळांनी ते दाखवलं होतं.

सप्टेंबरात उत्तर आलं : निवड झाली, जानेवारीअखेर दुसऱ्या फेरीसाठी प्रत्यक्ष या. त्याच्या आईने भिशी उचलली, वडिलांनी पीएफमधून पैसे काढले. मला तिकिटाची रक्कम कळली त्या रात्री झोप लागली नाही. तिथला पियानिस्ट याला ओळखत नाही. तो पंधरा-वीस मुलांसाठी एकच गती देणार आणि तिला धरून राहणार, आणि त्याचं ते बरोबरच असेल.

शेवटी एका शनिवारी क्लास संपल्यावर मी त्याला थांबवलं. लॅपटॉप पियानोवर ठेवून त्या लाटा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. तो स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, 'ताई, मला माहीत होतं. तुम्ही थांबणार हे मला तुमच्या डाव्या हातावरून कळलं. म्हणून तर मी अजून खाली गेलो.'

मी विचारलं, 'आणि थांबले नसते तर?'

'तर गेलोच नसतो. आधीच उडलो असतो. पडलो असतो.'

हे ऐकल्यापासून माझी सगळी मांडणीच कोसळली आहे. मला वाटत होतं, मी त्याची टाच बघून थांबले. तो म्हणतो, तो माझा हात ऐकून खाली गेला. रेकॉर्डिंग कितीही वेळा ऐकलं तरी आधी कोण आणि मागे कोण ते सापडत नाही. दमलेल्या शरीराने, पाचव्या खेपेला, दुसऱ्याच्या डाव्या हातातला न वाजलेला सूर ऐकणं ही गोष्ट मी वीस वर्षांच्या कामात दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही. माझ्या यादीत तो एकटाच आहे. आणि हीच गोष्ट त्याला तिथे गोत्यात आणू शकते, कारण तो ज्या हातासाठी थांबेल तो हात माझा नसेल.

टीचरना मी हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तुम्ही फार विचार करता. त्याला उडी वाढवू दे.' उडी वाढवायलाच हवी, त्यांचं खरं आहे. पण ऐकायचं कसं आणि किती, हे शिकवायला आमच्याकडे तासच नाही. वेळापत्रकात स्ट्रेचिंगला तीन तास आहेत.

म्हणून आता क्लास संपल्यावर आम्ही दोघं अर्धा तास जास्त थांबतो. मी मेट्रोनोम १०८ वर लावते आणि त्याला घट्ट धरून वाजवते. कधी क्लासमधल्या दुसऱ्या कोणाला वाजवायला बसवते आणि मी जमिनीवर बसून त्याच्या टाचा बघते. पहिल्या शनिवारी दहातल्या दोन उतरल्या. मग तीन. मधल्या एका आठवड्यात एकही नाही. त्या दिवशी घरी जाताना तो माझ्याशी बोलला नाही. गेल्या शनिवारी पाच. सहाव्या वेळी त्याचे गुडघे वाकले, डावी टाच बसायची राहिली होती, आणि माझा हात पुन्हा थांबायला निघाला. या वेळी मी वाजवलं. तो उडला, उतरताना पाय उघडे पडले, आणि वळून म्हणाला, 'ताई, आता तुम्ही घाई केली.'

घाई केली नव्हती. मेट्रोनोम चालूच होता. तरीही घरी येऊन मी रेकॉर्डिंग लावलं आणि मोजलं.