तुम्ही विचारलंत म्हणून: दुखत असताना नाचायचं की थांबायचं?

नाचणाऱ्यांची फिजिओथेरपी करते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला एकतर सक्तीची विश्रांती ऐकायची भीती असते, नाहीतर "काही नाही होत, नाचा" एवढंच ऐकायचं असतं, आणि मी सहसा दोन्ही सांगत नाही.

आधी म्हणते, कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा. कुणी मांडीवर नाहीतर पोटरीवर अख्खा तळवा फिरवला की मी जरा निवांत होते, बहुतेकदा ते स्नायू दमल्याचं असतं आणि दोनतीन दिवसांत उतरतं. पण पंजावर किंवा नडगीवर बरोब्बर एका जागी बोट टेकलं, दाबल्यावर तोंड वाकडं झालं, उड्या मारल्या की वाढतं आणि हल्ली रात्रीही ठणकतं असं कळलं की उड्या त्याच दिवशी बंद. स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका असते, आणि ते सुरुवातीला साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून नाचत राहणाऱ्यांची मला सगळ्यात धास्ती वाटते. अशा वेळी मी जेवणाचं आणि मुलींना पाळीचंही विचारते, कारण मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी चुकायला लागते आणि हाडंही कमजोर होतात. (वजन कमी कर म्हणणाऱ्या टीचर लोकांनी हे जरूर वाचावं.)

टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचं, दुखणं वेगळं. सकाळची पहिली पावलं आखडलेली, वॉर्मअप झाला की मोकळं, दुसऱ्या दिवशी परत तेच. इथे महिनाभर झोपून राहिलात तर दुखणं थांबेल पण टेंडन आणखी ढिलं पडेल, आणि परत क्लासला गेलात की पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे याल. त्यापेक्षा उड्या कमी करा, बाकीचं चालू ठेवा आणि ताकद वाढवा.

ताकद बघायची माझी आवडती टेस्ट म्हणजे भिंतीला नुसती बोटं टेकवून एका पायावर टाच उचलायची. साधारण २५ वेळा जमायला हवं, नाचणाऱ्याला त्याहून जास्त. आकड्यापेक्षा मी घोट्याकडे बघते, दमायला लागला की तो बाहेरच्या बाजूला कलतो, अंगठा जमीन धरायला आखडतो, उंची कमी होते, आणि स्टेजवर शेवटच्या दोन मिनिटांत घोटा मुरगळतो तो असाच.

हे सगळं होतं कशाने, तर नाचणाऱ्यांच्या बऱ्याच इंजुरी पडून-धडपडून होत नाहीत, साचत साचत होतात. शो जवळ आला की रिहर्सल एकदम दुप्पट, झोप अर्धी, त्यात फरशी कडक. शिवाय पाय बाहेर वळवायचा तर तो खुब्यातून वळायला हवा, तिथे जेवढा वळतो त्याच्या पलीकडे पंजा फिरवून ओढलात की वेठीस गुडघा धरला जातो.

पेनकिलर घेऊन स्टेजवर जाऊ नका एवढं मात्र ऐका, दुखणं कळेनासं होतं आणि तुम्ही त्याच पायावर जोरात उतरता. शो चार दिवसांवर असेल तर उड्या गाळून बसवता येतो. गरज पडली तर कोरिओग्राफरशी मी स्वतः बोलते, बहुतेक जण तयार होतात, काही रुसतात.