कार्डावरचं नाव

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेचे दिवस होते. संक्रांत होऊन तीन-चार दिवस झालेले, होम मैदानावर पाळणे फिरत होते आणि संध्याकाळ झाली की नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नव्हती. सकाळी मात्र माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गर्दी कमी असते. त्या सकाळी मी एका शिकवणीवाल्या मॅडमना रॅमचा भाव समजावून सांगत होतो. नोव्हेंबरात दिलेल्या कोटेशनवर आता माल येत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड जातं. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतलेत आणि तुमच्या-आमच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला उरलंसुरलं येतंय. ३ डिसेंबर २०२५ ला तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीरच केलं की क्रुशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला विकणं आपण बंद करतोय. त्या नावाच्या किती स्टिका मी या हाताने बसवल्यात, त्याची मोजदाद नाही.

मॅडम गेल्या आणि दारात स्कूटी थांबली. पुढे वडील, मागे मुलगा, आणि दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट. वडील अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात यंत्रमागावर होते. मराठी बोलताना मध्येच मुलाशी तेलुगूत बोलत होते.

"मालक, ह्याचं काय ते एकदा बघा. दिवाळीच्या बोनसमधनं कार्ड घेऊन दिलं, साडेपाच हजाराचं. गेम काय चालंना."

मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. त्याने सगळं नीट क्रमाने सांगितलं, आणि असं सांगणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं. ग्राफिक्स कार्ड मोबाइलवरच्या जाहिरातीत बघून मागवलेलं, एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. विंडोज १० वर जीटीए ५ सुरू व्हायचा, पाच-दहा मिनिटं चालायचा आणि स्क्रीन काळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबलेलेच होते. याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-५, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मग पोराने स्वतःच पेनड्राइव्ह बनवून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली. आता गेम सुरू होतो, पण सेकंदाला दोन फ्रेम.

"सगळे म्हणतेत दादा, लिनक्सवर गेम चालतच नाहीत. एका दुकानात तर म्हणले, आधी हे काढून विंडोज टाक, मग ये."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि अजूनही ते मला लागतं. २००८ साली मी कॉलेजात असताना उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची सीडी पोस्टाने फुकट घरी आली होती. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल तेव्हा जगभर अशा सीड्या पाठवायची. त्या काळात हे वाक्य बरोबर होतं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून होतं, पण त्यावर एखादा गेम चालवायचा म्हणजे रात्र घालवावी लागायची. नंतर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवरच उभं केलेलं प्रोटॉन आणलं आणि चित्र बदललं. फेब्रुवारी २०२२ पासून लोकांच्या हातात स्टीम डेक हे गेमचं यंत्र आहे, त्याच्या आत लिनक्सच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या पुढे गेला. तेव्हा गेम चालत नसेल तर त्याला काहीतरी नेमकं कारण असलं पाहिजे, आणि ते शोधायच्या आधीच लिनक्स काढून टाकणं मला मान्य नाही.

मशीन लावलं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये गेलो. तिथे एनव्हिडियाचा एकही ड्रायव्हर सुचवलेला नव्हता. हे विचित्र होतं. १०५० टीआयसारख्या कार्डाला तिथे दोन-तीन पर्याय दिसायलाच हवेत. मग व्हल्कनची, म्हणजे लिनक्सवर कार्डाला चित्र काढायला सांगायच्या भाषेची माहिती काढली, तर यादीत एकच नाव: एलएलव्हीएमपाइप. म्हणजे ग्राफिक्स कार्ड बाजूला बसलेलं आणि चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर एकटा करतोय. दोन फ्रेमचं कोडं तिथेच सुटलं. विंडोजचा गेम डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत बोलतो. फिलिप रेबोले या माणसाने सुरू केलेलं डीएक्सव्हीके ती भाषा व्हल्कनमध्ये फिरवतं, आणि कार्डाला व्हल्कन कळत असेल तरच पुढची गंमत. वेगळं कार्ड लावलेलं असल्यामुळे प्रोसेसरच्या आतलं इंटेलचं ग्राफिक्स बायोसने, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रॅमने, बंद ठेवलं होतं. त्यामुळे डीएक्सव्हीकेला प्रोसेसरशिवाय कोणी मिळालंच नाही.

पण १०५० टीआयला व्हल्कन कळतं की! ते २०१६ चं कार्ड आहे.

मी मशीन बंद केलं. दुसऱ्या टेबलावरच्या मॉनिटरला जोडून बघावं म्हणून निळ्या टोकाची व्हीजीए वायर कार्डात खोचायला गेलो आणि हात तिथेच थांबला. कार्डाला व्हीजीएचं तोंड होतं.

पास्कल नावाच्या पिढीपासून एनव्हिडियाने चिपमधून ॲनालॉग आउटपुट काढूनच टाकलं. १०५० टीआय त्याच पिढीचं. त्याला एचडीएमआय असतं, डिस्प्लेपोर्ट असतं, डीव्हीआय असलंच तर नुसतं डिजिटल. निळी वायर थेट त्यात जायला नको. वर सहा पिनांची वीजजोडणीही होती. तेवढ्यावरून काही ठरत नाही, काही खऱ्या १०५० टीआयलाही ती असते. पण दोन्ही गोष्टी एकत्र बघून पोटात गोळा आला, कारण आता वडिलांना काय सांगावं लागणार ते कळायला लागलं होतं.

पुन्हा चालू करून टर्मिनल उघडलं. एलएसपीसीआय या कमांडने चिपचं आणि कार्डाचं नाव सांगितलं: जीएफ११६, जीटीएक्स ५५० टीआय. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे निरोप उघडले. तिथे नुवो या खुल्या ड्रायव्हरची ओळ होती, तिथेही जीएफ११६. नुवो कार्डावरच्या स्टिकरचं ऐकत नाही, कार्डाच्या बायोसमध्ये लिहिलेल्या नावाचंही नाही. तो चिपच्या आतलं एक रजिस्टर वाचतो आणि तिथे जे असेल तेच सांगतो.

"विंडोजमध्ये तर १०५० टीआय दिसायचं," पोरगा म्हणाला.

"ड्रायव्हर कुठून टाकला होतास?"

"त्यांनी पेनड्राइव्ह दिलता. हाच टाका म्हणले, अपडेट करू नका म्हणले."

विंडोज जे नाव दाखवतं ते ड्रायव्हरसोबतच्या फाइलमधून येतं. त्या फाइलमध्ये फेरफार केला की गिऱ्हाइकाला हवं ते नाव दिसतं. ५५० टीआयसारख्या जुन्या फर्मी पिढीच्या चिपा कार्डांवर बसवून, बायोस बदलून नव्या नावाने विकायचा हा धंदा काही वर्षांपासून चालू आहे. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड बनवणाऱ्यांना २०१८ मध्ये अशी बनावट कार्डं ओळखायची सोय मुद्दाम घालावी लागली. मी हे वाचून होतो. सोलापुरात माझ्या टेबलावर ते पहिल्यांदाच आलं होतं.

तरी माझं समाधान होईना. एखाद्याचे साडेपाच हजार बुडाले हे स्क्रीनवरच्या एका ओळीवरून सांगायला जीभ रेटत नाही. वडिलांना विचारलं, "मामा, कार्ड खोलू का? एकदा खोललं की तो परत घेणार नाही म्हणेल." ते म्हणाले, "तसाबी फोन उचलंना आता. खोला."

चार स्क्रू काढले, हीटसिंक हलकेच फिरवून सोडवलं, वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली. आय-लूपमधून, डोळ्याला लावायच्या भिंगातून बघितलं. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ कोरलेलं असतं. इथे जीएफ११६-४०० होतं, आणि उत्पादनाचं साल-आठवडा सांगणारे आकडे ११ ने सुरू होत होते. २०११. लूप पोराच्या हातात दिली. त्याने बराच वेळ बघितलं. मेमरीचा हिशेबही लागला: ५५० टीआयला साधारण १ जीबी असते, बायोसमध्ये ४ लिहून ठेवलेले. गेम अस्तित्वातच नसलेल्या मेमरीत लिहायला गेला की स्क्रीन काळी. फर्मीला व्हल्कन कधी आलंच नाही, म्हणून लिनक्सवर दोन फ्रेम. विंडोजवरची आणि लिनक्सवरची, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

वडिलांना चिपांची नावं सांगून काय उपयोग, म्हणून मी सोप्या शब्दांत सांगायला लागलो, तर त्यांनीच हात वर केला.

"कळलं मालक. बाहेरची चादर, वर सोलापूरचं लेबल."

त्यांनी कॅबिनेटवरची चादर उचलली, उलटी केली आणि मला मागचे धागे दाखवले. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, त्याचा फटका मागावरच्या माणसाला बसतो. लेबल कोणी बघत नाही ओ आमच्यात, ते म्हणाले, उलटी करून जकार्डचा धागा मागं कसा गेलाय ते बघतेत. एवढं बोलून ते गप्प बसले. मुलाला एक शब्दही बोलले नाहीत. पोरगा मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता.

जाहिरातीतला नंबर मीही लावून बघितला, बंद. पैसे मोबाइलवरून दिलेले होते, त्याची नोंद होती. चिपचे, बायोसच्या नावाचे, टर्मिनलवरच्या ओळींचे फोटो काढून दिले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली. पैसे येतील असं मी म्हणालो नाही.

आता कार्डाचं काय? माझ्याकडे काढून ठेवलेली दोन होती, एक एनव्हिडियाचं जीटी १०३० आणि एक एएमडीचं आरएक्स ५५०, ४ जीबी. दोन्ही बिनवायरची, स्लॉटमधूनच वीज घेणारी. त्या साध्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठं कार्ड मी चढवलं नसतं. किंमत जवळपास सारखी. मी आरएक्स ५५० काढलं आणि का ते पोराला सांगितलं, कारण पुढच्या वेळी निवड त्याला करायची आहे. जीटी १०३० ही पास्कलचंच, आणि पास्कलसाठी एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर-शाखा. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ५९० मधून ती पिढी बाहेर पडली. म्हणजे आणलेलं १०५० टीआय खरं असतं तरी त्याचे दिवस मोजलेले होते. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तो पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांना. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि व्हल्कनचा भाग, आरएडीव्ही, मेसा या खुल्या ग्राफिक्स-संचात. तो तर एएमडीच्या बाहेरच्या लोकांनी २०१६ मध्ये लिहायला घेतला. जुनं कार्ड कधी टाकून द्यायचं हे कंपनीच्या वेळापत्रकावर ठरू नये असं मला मनापासून वाटतं. अशोक चौकातल्या घराला दर पाच वर्षांनी नवं मशीन परवडत नाही.

कार्ड बसवलं, काहीही इन्स्टॉल न करता चालू झालं. आरएक्स ५५० ला व्हीजीए नाही, म्हणून मॉनिटरसाठी अडीचशेचा कन्व्हर्टर द्यावा लागला.

"दादा, व्हॅलोरंट?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. नाही, म्हणालो. त्या गेमचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, मशीन सुरू होतानाच जाऊन बसतं. लिनक्सवर ते चालत नाही, प्रोटॉन त्याला मदत करू शकत नाही. विंडोज ११ वर गेलास तर ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतं, ते तुझ्या बोर्डात नाही. जीटीए ऑनलाइनही सप्टेंबर २०२४ पासून लिनक्सवर बंद आहे, एकट्याने खेळायची गोष्ट चालते. एका खेळासाठी मशीनच्या मुळापर्यंत कुणाला शिरू द्यावं का, यावर माझं मत ठाम आहे, पण सतरा वर्षांच्या मुलाचे मित्र संध्याकाळी तिथेच खेळत असतात हेही मला कळतं. त्याचा चेहरा उतरला. तरी खोटी आशा लावली नाही, त्या दिवशी तर नाहीच.

गेमची फाइल त्याच्या डिस्कवर होतीच. सुरू केला. पहिल्यांदा थोडा अडखळला, शेडर तयार होत होते, मग सुरळीत. कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम ते दाखवणाऱ्या मँगोहडचे आकडे पन्नासच्या आसपास हलत होते. वडील स्टूल ओढून मागे बसले आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा विचारलं, "ह्यात काय करायचं असतंय रे?" पोरगा त्यांना तेलुगूत सांगायला लागला. मला त्यातलं गाडी आणि पोलीस एवढंच कळलं.

हजार रुपये त्यांनी तेव्हाच दिले, बाकीचे आठवड्याच्या पगारातून दोनदा येऊन देतो म्हणाले. कॅबिनेट पुन्हा चादरीत गुंडाळलं. जुनं कार्ड टेबलावरच होतं, हीटसिंक मी परत बसवून ठेवलेलं.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं. पुसून पॅकिंगमध्ये घातलं असतं तर अजूनही कुणीतरी चार हजाराला घेतलं असतं. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. तो क्षणभर कार्डाकडे बघत राहिला. मग माझ्या टेबलावरचा काळा मार्कर उचलला आणि १०५० टीआयच्या स्टिकरवर आडवं लिहिलं: ५५० टीआय, २०११, १ जीबी. तक्रारीसाठी लागलं तर घेऊन जातो म्हणाला, आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून वडिलांच्या मागे स्कूटीवर जाऊन बसला.