तुम्ही विचारलंत म्हणून: थेट व्हिडिओवर आलेली मालिका चांगली कशी असेल?

‘फुरी कुरी’ बघा असं मी कुणालाही सांगितलं की हा प्रश्न येतोच. मालिका जपानी अॅनिमेशनची, २००० सालची, भाग फक्त सहा, आणि जपानमध्ये ती आली ती टीव्हीवर नव्हे, थेट व्हिडिओवर. मग समोरचा भुवई उंचावतो. ‘म्हणजे कुठलाच चॅनल घेईना म्हणून कॅसेट काढली, असंच ना?’

तसं नाही. आपल्याकडे थेट व्हिडिओवर आलेला सिनेमा म्हणजे पडलेला सिनेमा, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलंय, त्यामुळे शंका येते हे कबूल. जपानमध्ये मात्र १९८३च्या डिसेंबरात ‘डॅलोस’ ही चंद्रावरच्या वसाहतीची गोष्ट थेट व्हिडिओवर आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. त्याला तिथे ‘ओव्हीए’ (ओरिजिनल व्हिडिओ अॅनिमेशन) म्हणतात. टीव्हीवरच्या रोबो-मालिकांचा पैसा बऱ्याचदा खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांकडून यायचा. साहजिकच रोबो दर आठवड्याला लढला पाहिजे, शक्यतो नवं शस्त्र काढून, आणि दुकानात त्याची प्रतिकृती खपली पाहिजे. व्हिडिओ मात्र बघणाराच स्वतःच्या खिशातून विकत घ्यायचा नाहीतर भाड्याने आणायचा. त्यामुळे बनवणाऱ्याला खूश करायचं ते त्यालाच. भागाची लांबी ठरलेली नाही, तेरा किंवा सव्वीस भाग भरायचे नाहीत, दर आठवड्याची धावपळ नाही. छबिलदासच्या शाळेत होणारं नाटक शिवाजी मंदिर मिळालं नाही म्हणून तिथे होत नसे, तसंच हे.

आणि लोकप्रियतेचं म्हणाल तर ‘तेंची मुयो’ बघा. एका शाळकरी पोराच्या घरात अंतराळातल्या मुली एकामागून एक येऊन ठाण मांडतात, असा तो विनोदी मामला. १९९२ला आधी व्हिडिओवर आला, चालला, म्हणून १९९५ला त्याची टीव्ही मालिका निघाली. कॅसेट आधी, चॅनल नंतर.

पण ‘फुरी कुरी’ची शिफारस मी या इतिहासासाठी करत नाही. तिच्यातला विनोदच मुळी हातात रिमोट असलेल्या माणसासाठी केलाय, असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट थोडक्यात. माबासे नावाचं काल्पनिक गाव, तिथला बारा वर्षांचा नाओता. गावात कधी काही खास घडत नाही असं तो म्हणतो, आणि मागे टेकडीवर कपड्यांच्या इस्त्रीच्या आकाराचा अवाढव्य कारखाना वाफ सोडत उभा असतो! मोठा भाऊ बेसबॉल खेळायला अमेरिकेत गेलेला. त्याची मैत्रीण मामिमी याच्याच गळ्यात पडते. एक दिवस हारुको नावाची बाई पिवळ्या व्हेस्पावरून येते (आपल्याकडे बजाजने सुरुवातीला परवान्यावर बनवली ती हीच जात), नाओताला उडवते आणि वर बास गिटार त्याच्या डोक्यात हाणते. कपाळाला टेंगूळ येतं. टेंगळातून रोबो निघतो. बाई त्याच्याच घरी कामाला राहते.

त्या रोबोचं नाव कान्ती. डोक्याच्या जागी टीव्ही संच. परग्रहावरचं हे यंत्र घरी येऊन काय करतं, तर स्वयंपाक, कपडे, बाजारहाट. खेळण्यांच्या कंपनीने या कामांना पैसे दिले असते का, तुम्हीच सांगा.

वेग तर विचारूच नका. पहिल्या भागात घरातली मंडळी बोलत बसलेली असतात आणि अचानक अख्खा प्रसंग छापील मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, पानांवर सरकतो. चौकटी, संवादांचे फुगे, कॅमेरा एका चौकटीतून दुसरीत उड्या मारतो, बाप बरळत सुटतो. पाचव्या भागात चित्रांची धाटणी मध्येच बदलून कागदी कात्रणांसारखी, ‘साऊथ पार्क’ या अमेरिकन कार्टूनची नक्कल होते आणि काही क्षणांत परत मूळपदावर येते. टीव्हीवर पहिल्यांदाच बघणारा म्हणेल, काय झालं काय? कॅसेटवाला मागे नेऊन पुन्हा बघतो. दुसऱ्यांदा बघताना कळतं की कोपऱ्यातला माणूस वेगळंच काही करत होता. सहा भाग एप्रिल २००० ते मार्च २००१ असे सुटे सुटे निघाले. मधल्या काळात हातातल्या कॅसेटची पारायणं करणं एवढंच उरायचं, आणि पारायणाला पुरेल इतका ऐवज प्रत्येक भागात कोंबलेला आहे.

हे लोक नवशिकेही नव्हते. गायनॅक्स आणि प्रॉडक्शन आयजी या दोन स्टुडिओंचं हे काम. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी आधी ‘इव्हँजेलियन’ या गाजलेल्या रोबो-मालिकेचा सहदिग्दर्शक होता, पात्रांची रेखाटनं योशियुकी सादामोतोची, तीही ‘इव्हँजेलियन’वाल्याचीच. एवढ्या गंभीर, कोसळत्या मालिकेनंतर या मंडळींना हसायचं होतं असं मला नेहमी वाटतं. निर्मितीत किंग रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी होती आणि ‘द पिलोज’ या बँडची गाणी सगळीकडे वाजतात, बरीचशी त्यांच्या आधीच्याच अल्बममधली. सुरुवातीचं शीर्षकगीत नाहीच. भाग लावला की थेट गोष्ट.

माझा लाडका भाग चौथा. गावातल्या बेसबॉल सामन्यात नाओता बॅट फिरवतच नाही. भाऊ एवढा मोठा खेळाडू, आपण फिरवली आणि हुकली तर? मग अंतराळातून एक उपग्रह गावाच्या रोखाने बॉम्ब फेकतो आणि तो परतवायला पोराच्या हातात येते गिटार. कल्पना निव्वळ चक्रम आहे, पण पोराची भीती खरी आहे, म्हणून हसू येतं तेव्हा घशात काहीतरी अडकतंही.

ही मालिका पुढे टीव्हीवर गाजली, पण अमेरिकेत. २००३मध्ये अॅडल्ट स्विमने रात्री उशिरा दाखवली आणि तिथले लोक इतके प्रेमात पडले की पुढचे हप्ते त्याच वाहिनीच्या भागीदारीत निघाले, २०१८मध्ये दोन आणि २०२३मध्ये आणखी दोन. २०१८चे दोन्ही बघितले तर चालतील. सहा-सहा भागांचे, नीटनेटके, आणि मागे नेऊन बघावंसं वाटावं असं त्यांत फार काही नाही.

एक सूचना. कार्टून आहे म्हणून घरातल्या लहान मुलांना लावून देऊ नका, विनोद बरेच चावट आहेत. आणि पहिल्या भागात काही कळलं नाही तर फोन करून मला अर्थ विचारू नका, तोच भाग पुन्हा लावा.