काळ्या शाईतून सोनेरी पणत्या

दिवाळीच्या शुभेच्छापत्राला गडद पार्श्वभूमी आणि त्यावर उजळ पणत्या हव्या असतील, तर सोनेरी रंग विकत आणायची गरज नाही. फाउंटन पेनची पार्कर क्विंक काळी शाई आणि कपड्यांचं ब्लीच एवढ्यावर काम होतं. ही शाई अनेक रंगद्रव्यांची बनलेली असते. पाण्यात ती फुटते आणि निळ्या, गेरूसारख्या छटा वेगळ्या दिसायला लागतात. ब्लीच लागलं की काळेपणा उडून सोनेरी-केशरी डाग उरतो. ड्रॉइंगसाठीची वॉटरप्रूफ इंडिया इंक मात्र इथे कुचकामी, कारण तिच्यातला काळा म्हणजे कार्बन, आणि कार्बनवर ब्लीचचं काही चालत नाही.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), वॉटरकलरचा घ्या. घडीच्या कार्डावर थेट रंगवू नका, ते पाण्याने वाकतं. १२ × १६ सेंमीचा तुकडा पाटीवर चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. वाळल्यावर १० × १४ ला कापून कार्डावर लावायचा आहे.

एक इंची चपट्या ब्रशने कागद दोनदा ओला करा. वर चकाकी हवी, तळं साचायला नको. एक चमचा पाण्यात ड्रॉपरने दहा-बारा थेंब शाई मिसळून वरून खाली सोडा आणि पाटी तिरकी करा. छटा फुटायला लागल्या की हात काढून घ्या. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: ब्रश फिरवत राहिलं की सगळं पुन्हा एकजीव होऊन राखाडी होतं.

खड्याच्या मिठाचे ठिपके हवे असतील तर चकाकी विरायला लागते त्या क्षणी मीठ टाका. आधी टाकलं तर ते नुसतं विरघळतं, उशिरा टाकलं तर उमटत नाही. हेअर ड्रायर नकोच. पावसाळ्यात तर मीठ टाळाच. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कागद चिकट राहतो.

ब्लीच पूर्ण वाळलेल्या शाईवरच लावायचं. ओल्यावर लावलं तर पणतीचा ढग होतो. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं बघा. रंगीत कपड्यांचं ब्लीच हे काम करत नाही. एक भाग ब्लीच, एक भाग पाणी, पणतीचा आकार कापसाच्या काडीने आणि बारीक रेषा जुन्या नायलॉन ब्रशने. केसांचा चांगला ब्रश यात झडतो. मिनिटभराने टिश्यूने टिपा. दुसरा हात दिला की सोनेरी जाऊन पांढुरकं उरतं, म्हणून ज्योतीच्या मध्यभागीच द्या. खिडकी उघडी, हातमोजे चढवलेले, आणि ब्लीचजवळ व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नाही: विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

टेप कागदाला जवळजवळ समांतर धरून ओढा. तुकडा वाकला असेल तर मागून किंचित ओलावा आणि दोन कोऱ्या कागदांत ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा.

मजकूर पांढऱ्या जेल पेनने लिहा. ब्लीच लागलेल्या जागी फाउंटन पेन वापरलंत तर "शुभ दीपावली"तलं "शुभ" नाहीसं होऊ शकतं. शिवाय क्विंकची शाई उन्हात फिकी पडते, तेव्हा फ्रेम करून खिडकीसमोर टांगायच्या चित्राला ती वापरू नये.