लावणीच्या आधी मळणी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत विज्ञानावर बोलायला जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "सर, प्रकाशापेक्षा जोरात का जाता येत नाही वो? आज नसेल जमत, पुढं कोणतरी मशीन काढेल की." कार्यक्रमानंतर चहा घेताना पालकही तेच विचारतात. तिथं घाईत दिलेल्या उत्तरानं माझं समाधान होत नाही. म्हणून इथं नीट सांगतो.

आधी मशीनचं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटर घेराच्या भुयारात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, पळवतात. त्यात शिरतानाच त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ६५० मीटरनं कमी असतो. प्रकाश सेकंदाला जातो २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे अंतर नावालाच उरलेलं. मग त्यांची ऊर्जा साधारण १५ पट वाढवतात. तरीही शेवटी ते सेकंदाला ३ मीटर मागंच राहतात! ओतलेली ऊर्जा कुठं जात नाही, प्रोटॉनकडंच असते. वेगात मात्र उतरत नाही. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतातून हेच निघतं: वस्तुमान असलेल्या कुठल्याही गोष्टीला प्रकाशाचा वेग गाठायला अमर्याद ऊर्जा लागेल.

पोरं यावर म्हणतात, "मग दुसरी युक्ती काढू." खरी अडचण तिथं आहे, आणि मला ती ऊर्जेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

समजा, खानापुरात आणि निपाणीत एकाच क्षणी फटाका वाजला. एकाच क्षणी, म्हणजे बेळगावात उभ्या माणसाच्या हिशेबानं. खानापूरहून निपाणीकडं अफाट वेगानं निघालेल्याच्या हिशेबानं निपाणीचा आधी वाजला, आणि उलट दिशेनं जाणाऱ्याच्या हिशेबानं खानापूरचा. उजेड पोचायला लागलेला वेळ वजा करूनसुद्धा. तिघंही बरोबर असतात. एसटीच्या वेगाला हा फरक जाणवण्याइतका नसतो, पण तो खरा आहे.

यानं जगात गोंधळ माजत नाही, कारण एका फटाक्याचा दुसऱ्यावर काही परिणाम व्हायला तेवढा वेळच नसतो. मधलं अंतर कापायला प्रकाशालाही सेकंदाचा साधारण साडेतीन हजारावा भाग लागतो. पण प्रकाशाला मागं टाकणारा निरोप खानापूरहून निपाणीला गेला, तर कुणा वेगवान प्रवाशाच्या हिशेबानं तो निघायच्या आधीच पोचलेला असेल. तसंच यंत्र त्या प्रवाशाकडंही असेल, तर निरोपाचं उत्तर खानापुरात निरोप पाठवायच्या आधी येऊन पडेल. "पाठवू नका" असं उत्तर आलं आणि पाठवलाच नाही, तर उत्तर कशाचं आलं? आमच्या भागात भात पिकतं, म्हणून पोरांना विचारतो, लावणीच्या आधी मळणी झाली तर खळ्यावर काय पडणार? वर्ग एकदम गप्प होतो. ती शांतता मला फार आवडते.

एकदा सातवीतली एक मुलगी मागं थांबली. "मग ताऱ्यांवर कधीच जाता येणार नाही काय वो, सर?" म्हटलं, नियम आड येत नाही. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथवर जायला प्रकाशालाच सव्वाचार वर्षं लागतात. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं जाऊन लगेच परतलं, तर जाणाऱ्याच्या घड्याळात सव्वा वर्षाच्या आत सगळं होईल. इथं साडेआठ वर्षं गेलेली असतील.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे त्याच्या आईला साडेआठ वर्षं वाट बघायला लागणार." हो, म्हटलं, आईला साडेआठच.